मोठं मोटरहोम उंच घाटात न्यायचंय: उतार, हेअरपिन आणि विरळ हवा

डोंगरवाटा

आधी गाडीचे, म्हणजे राहायची सोय असलेल्या या मोटरहोमचे, आकडे देतो, म्हणजे उत्तरं मोघम राहणार नाहीत. लांबी ७.८ मी., रुंदी आरसे सोडून २.३५ मी., उंची ३.१५ मी. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ४.५ मी., मागच्या चाकांमागे लोंबणारा भाग २.३ मी. भरलेलं वजन ५.५ टन. इंजिन ३ लिटर टर्बो डिझेल, सहा गिअर, मॅन्युअल, मागची चाकं ड्राइव्ह. चारही चाकांना डिस्क, हायड्रॉलिक ब्रेक, व्हॅक्यूम बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा). एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर, म्हणजे उतारात गाडी रोखणारी जादा यंत्रणा, नाही.

रस्ता १२०० मीटरपासून सुरू होतो, खिंड ३९०० मीटरवर आहे. पलीकडचा उतार २६ किलोमीटरमध्ये १८०० मीटर खाली येतो. म्हणजे सरासरी सात टक्के, मध्ये दहा टक्क्यांचे तुकडे आणि डझनभर तरी हेअरपिन, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरवणारी तीव्र वळणं.

सपाटीवर गाडीची सवय आहे, घाटात नाही. ‘ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा’ एवढंच सगळे सांगतात. ते पुरेसं आहे का? हेअरपिनमध्ये एवढं लांब धूड कसं फिरवायचं? त्या उंचीवर इंजिन, गॅस, हीटर यांचं काय होतं? आणि मागे छोटी गाडी जोडून न्यावी का?

गिअरबॉक्स

ती म्हण जुन्या ट्रकांची आहे. तेव्हा इंजिनं अशक्त होती, गाडी दुसऱ्या गिअरमध्येच रडतखडत चढायची, त्यामुळे उतरतानाही आपोआप दुसरा पडायचा. आताचं टर्बो डिझेल तोच चढ तिसऱ्यात, कधी चौथ्यात मारून नेतं. टर्बो चढताना मदत करतो, उतरताना त्याचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या गाडीला ती म्हण ‘चढलात त्याच्या एक गिअर खाली’ अशी करून घ्या.

कारण आकड्यांतच दिसतं. साडेपाच टन वजन १८०० मीटर खाली आणायचं म्हणजे साधारण ९७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. तेवढ्या ऊर्जेत २९० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. ही उष्णता चार डिस्कमध्ये भरायची की इंजिन, टायर आणि वाऱ्यावर सोडायची, हे तुमच्या वेगावर ठरतं.

सात टक्के उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ५५ ने, सुमारे ३२०० आरपीएमवर (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) उतरताय असं धरा. गुरुत्वाकर्षण ५७ किलोवॅटने ढकलतंय. टायरचं घर्षण आणि हवा मिळून त्यातले १६ खातात. राहिले ४१. असं इंजिन ॲक्सिलरेटर पूर्ण सोडल्यावर त्या फेऱ्यांना ढोबळमानाने १५ ते २० किलोवॅट गिळतं. म्हणजे २४ च्या आसपास किलोवॅट सतत ब्रेकवर.

आता दुसरा गिअर, तेच ३२०० आरपीएम, वेग ताशी ३५. गुरुत्वाकर्षणाचे ३७ किलोवॅट, घर्षण आणि हवेने सातआठ खाल्ले, राहिले २९. इंजिन अजूनही तेवढेच १५ ते २० गिळतंय, कारण ते वेग बघत नाही, फेऱ्या बघतं. ब्रेकवर १२ उरले. वेग तिसऱ्या हिश्श्याने कमी केला आणि ब्रेकवरचं ओझं निम्मं झालं. दहा टक्क्यांच्या तुकड्यात पहिला गिअर, ताशी २०, मग ब्रेक जेमतेम नऊ किलोवॅट सांभाळतो.

इंजिन ‘ओरडतंय’ म्हणून घाबरून वरचा गिअर टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक. इंधन बंद असताना फिरणारं इंजिन लाल रेषेच्या खाली असेपर्यंत त्याला काही होत नाही. लाल रेषेजवळ जायला लागलं की ब्रेक, गिअर नाही.

गिअर माथ्यावरच टाका, उतार सुरू व्हायच्या आधी. उतारात गाडीने वेग घेतल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला गेलात आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. ब्रेक अजून चांगले असतील तर हाताशी हा एकच क्षण असतो: जोरात ब्रेक दाबून वेग ३० च्या खाली आणा आणि मग गिअर बसवा. इंजिन बंद करून उतरणं तर विसराच. बूस्टरमध्ये दोनतीन दाबांपुरता व्हॅक्यूम राहतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर कुलूपही पडतं.

धागा वाचणाऱ्या ऑटोमॅटिकवाल्यांसाठी: ‘डी’मध्ये उतरू नका. मॅन्युअल मोडवर हाताने गिअर धरून ठेवा. टो-हॉल (ओझं ओढताना वापरायचं) बटण असेल तर ते चालू करा. ब्रेक टेकवला की गिअरबॉक्स स्वतः खाली उतरतो. क्रूझ कंट्रोल बंद.

जुनाडिझेल

वरच्या हिशोबाशी सहमत. मी ब्रेकबद्दल लिहितो, कारण ‘ब्रेक फेल झाले’ या तीन शब्दांखाली दोन वेगळे आजार झाकले जातात आणि त्यांची लक्षणं उलटी असतात.

पहिला: पॅडल घट्ट आहे, पाय पूर्ण जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही. पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत, घर्षण गेलंय. जळका वास आधी येतो. गाडी थांबवून थंड होऊ दिलं की ब्रेक बहुतेक परत येतो, पण पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर पॅड बदलावेच लागतात.

दुसरा: पॅडल मऊ होतं, खाली जात जात फळीला टेकतं. कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं) ब्रेक ऑइल उकळलंय. वाफ दाबली जाते, पण द्रवासारखा दाब पुढे देत नाही. हा जास्त वाईट, कारण कधीकधी तो उतार संपल्यावर, गाडी उभी केल्यावर दगा देतो. वारा थांबला की तापलेल्या डिस्कची उष्णता मागे कॅलिपरकडे सरकते, आणि पुन्हा निघताना पाय खोल जातो. म्हणून थांब्यानंतर निघण्याआधी उभ्या गाडीत पॅडल दाबून बघायचं, नेहमी.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १५५. डॉट ५.१ चे तेच आकडे २६० आणि १८०. म्हणजे जुनं ५.१ सुद्धा नव्या डॉट ४ पेक्षा मागे पडतं. डबीवर काय छापलंय यापेक्षा ते शेवटचं कधी बदललं हे महत्त्वाचं. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर घाटाआधी पूर्ण बदला, चारही चाकांच्या निपलमधून नवं स्वच्छ ऑइल येईपर्यंत. नुसती टाकी रिकामी करून भरणं म्हणजे कॅलिपरमधलं सर्वात जुनं ऑइल जिथल्या तिथे ठेवणं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. नाव जवळचं असलं तरी ते वेगळंच रसायन आहे.

पॅड निम्म्याच्या खाली असतील तर ‘अजून चालतील’ म्हणू नका. पातळ पॅड पिस्टनकडे उष्णता लवकर पोचवतो.

आता बूस्टर, ज्याची आठवण फार कमी लोकांना असते. व्हॅक्यूम बूस्टर जोर स्वतः निर्माण करत नाही. बाहेरची हवा आणि आतली पोकळी यांतल्या दाबाच्या फरकावर तो चालतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल, ३९०० मीटरवर ६२ च्या आसपास. म्हणजे खिंडीत बूस्टरची जास्तीत जास्त मदत सपाटीच्या साठ टक्क्यांवर येते. जोराचा ब्रेक लावायची वेळ आली तर पॅडल दगडासारखं वाटेल. ब्रेक बिघडलेला नसतो, पायाला जास्त जोर लावावा लागतो इतकंच. हे आधी माहीत नसलेला माणूस नेमका त्या क्षणी पाय ढिला सोडतो.

बूस्टरची तपासणी दोन मिनिटांची: इंजिन बंद, पॅडल घट्ट होईपर्यंत चारपाच वेळा दाबा, दाबून धरा, इंजिन चालू करा. पाय थोडा खाली गेला तर बूस्टर ठीक. नाही गेला तर व्हॅक्यूम पंप, पाइप किंवा एकमार्गी झडप बघून घ्या.

डोंगरवाटा

दोघांनाही धन्यवाद. एक शंका: ब्रेक सतत हलका दाबून ठेवायचा की मारून सोडायचा? दोन्ही बाजूंनी छातीठोक सांगणारे भेटतात. आणि पॅडल खरंच खाली गेलं तर काय क्रमाने करायचं?

जुनाडिझेल

मारून सोडायचा. पद्धत अशी: आधी सुरक्षित वेग ठरवा, समजा ३५. गाडी ३५ ला पोचली की ठामपणे ब्रेक दाबून तीनेक सेकंदांत २७-२८ वर आणा, पूर्ण सोडा. परत ३५ झाले की परत. जड वाहनांच्या चालकांना अमेरिकेतल्या परवान्याच्या पुस्तिकेत हेच शिकवतात: ठरलेल्या वेगाखाली ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एकूण उष्णता दोन्हीकडे जवळपास सारखीच. हलक्या पायाचा तोटा वेगळा आहे. वेग हळूहळू चढतो तो कळत नाही, आणि एखादा कॅलिपर अडकत असेल तर तो एकटाच तापतो. मारून सोडल्यावर चारही चाकं काम वाटून घेतात, आणि किती सेकंदांनी परत ब्रेक मारावा लागतोय हे मोजता येतं. ते अंतर दहा सेकंदांच्या आत आलं तर गिअर चुकलाय. पुढच्या सपाट तुकड्यात आणखी एक खाली.

एअर ब्रेकच्या मोठ्या गाड्यांना मात्र एक जादा पथ्य: भराभर पंप केलात तर टाकीतली हवा कॉम्प्रेसर भरू शकतो त्यापेक्षा वेगाने संपते, आणि उंचीवर कॉम्प्रेसरही कमी भरतो. दाबाच्या काट्यावर नजर हवी.

पॅडल खाली गेलं तर: पंप करा, भराभर, तीनचार वेळा, थोडा दाब मिळू शकतो. त्याच वेळी बसेल तो खालचा गिअर. मग हँडब्रेक, पण बटण दाबून धरून टप्प्याटप्प्याने ओढा-सोडा. एकदम ओढलात तर मागची चाकं लॉक होऊन शेपूट फिरेल. हॉर्न आणि दिवे चालू. पुढे खडीचा सुटका-उतार (ब्रेक गेलेल्या गाड्या थांबवायला केलेला फाटा) असेल तर लाज न बाळगता त्यात घाला; तिथे गाडी काढायला खर्च येईल, पण ती थांबेल. नसेल तर डोंगराची बाजू, गटार, मातीचा बांध. दरीकडे वळण यायच्या आधी निर्णय झाला पाहिजे.

खिंडीपलीकडे

हेअरपिनवर कोणी लिहिलं नाही, मी लिहितो. इथे अंदाज चालत नाही, भूमिती चालते.

तुमची गाडी जास्तीत जास्त वळवली आणि पुढचं बाहेरचं चाक ८ मीटर त्रिज्येवर फिरतंय असं धरा. ४.५ मीटर व्हीलबेसमुळे मागचं बाहेरचं चाक ६.६ मीटरवर फिरतं, म्हणजे १.४ मीटर आत कापतं. पुढच्या बंपरचा कोपरा मात्र ८.७ मीटरपर्यंत बाहेर जातो. हिशोब जोडा: २.३५ मीटर रुंदीची गाडी पूर्ण वळणात जवळजवळ ४.४ मीटर रुंदीचा पट्टा खाते. त्रिज्या १२ मीटर मिळाली तर तोच पट्टा ३.७ वर येतो. एका लेनमध्ये हे बसत नाही. समोरची लेन घ्यावीच लागणार, त्यामुळे सगळी कला ‘ती रिकामी असताना घेणे’ यात आहे.

वळणाआधी ५०-६० मीटर मागे हळू व्हा आणि वर किंवा खाली नजर टाका. हेअरपिनची मजा ही की पुढचा रस्ता डोक्यावर किंवा पायाखाली दिसत असतो. सोबतच्या माणसाचं काम नकाशा बघणं नाही, ‘बस येतेय, दोन वळणं वर’ हे सांगणं. काही येत असेल तर रुंद, सपाट जागेत थांबा. वळणाच्या तोंडाशी थांबू नका, कारण समोरच्यालाही तीच जागा लागणार असते.

रस्ता मोकळा असेल तर पहिला गिअर वळणाआधीच. बाहेरच्या कडेने जा, आणि वाटतं त्यापेक्षा उशिरा वळा. पुढची चाकं बाहेरच्या कडेजवळ पोचल्यावर, तुम्ही स्वतः जवळजवळ वळणाच्या मध्यापलीकडे बसलेले असताना, पूर्ण स्टिअरिंग. लवकर वळलात तर पुढचा भाग छान निघतो आणि मागचं आतलं चाक कठड्यावर किंवा गटारात चढतं. वळताना डोळे पुढे कमी, आतल्या आरशात जास्त. खालचा छोटा गोल आरसा मागच्या चाकाचा जमिनीशी टेकणारा भाग दिसेल असा आधीच लावून घ्या.

बाहेरच्या कडेचं दुसरं कारण चढाचं. आतली आणि बाहेरची कड तेवढीच उंची चढतात, पण आतली कड निम्म्या लांबीत. सरासरी आठ टक्के दिसणारं वळण आतून सोळा असू शकतं. मागे २.३ मीटर लोंबणारा भाग आणि त्याच्या टोकाखाली जमिनीपासून ४५ सेंटीमीटर जागा, म्हणजे सुमारे ११ अंश. तीव्र आतल्या कडेवरून सपाटीला लागताना शेपूट घासायला तेवढं पुरतं. आधी घासतं ते सांडपाण्याच्या टाकीचं तोंड किंवा सायकलींचं स्टँड.

शेपटाचा आणखी एक खेळ. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवून निघालात की मागचा कोपरा वळणाच्या उलट दिशेला बाहेर फेकला जातो. तुमच्या मापांना तो साधारण ३५ सेंटीमीटर येतो. भिंतीला चिकटून थांबला असाल तर आधी अर्धी लांबी सरळ पुढे, मग वळवा.

एका झटक्यात वळण बसलं नाही तर मागेपुढे करावं लागतं, आणि त्यात लाज काही नाही. नियम एकच: मागे घेताना शेपूट डोंगराकडे. दरीकडे शेपूट करून मागे घ्यायची वेळ येतेय असं दिसलं, तर आधीच चुकीच्या जागी वळायला सुरुवात केली होती. जमेल तेवढी पुढेच काढा. मागे घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे. तो तुमच्या आरशात दिसेल असा, डोंगराच्या बाजूला उभा. गाडी आणि दरी यांच्या मध्ये कधीच नाही. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. चाकामागे लावायला दोन पाचरी त्याच्या हातात असू द्या.

चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेकवर उभी करा, क्लच एकदाच पूर्ण सोडा. विरळ हवेत टर्बो भरायच्या आधीचं इंजिन अगदी लेचंपेचं असतं, म्हणून निघताना आरपीएम थोडे जास्त लागतात आणि क्लच जास्त घासतो. जळका वास आला तर पाचदहा मिनिटं थांबा, इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढून. एका क्लचच्या ऑटोमेटेड गिअरबॉक्सला हेच पथ्य दुप्पट लागू. तो आतून हाफ क्लचच खेळत असतो, फक्त तुम्हाला जाणवत नाही.

अवांतर: बोगद्याच्या पाटीवरची उंची मधोमधची आहे की कडेची, ते बघा. कमानदार बोगद्यात कडेला ३.१५ चं छप्पर टेकू शकतं. छतावर एसी किंवा डिश असेल तर ती धरून मोजा, आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा.

तापमापी

उंचीचे प्रश्न माझ्याकडे.

३९०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. टर्बो जास्त जोरात फिरून बराच तोटा भरून काढतो, त्यामुळे तुमचं इंजिन मरणार नाही. पण तीच विरळ हवा रेडिएटर थंड करते, आणि ती तिथेही कमी पडते. शिवाय कूलंट लवकर उकळतं. रेडिएटरचं झाकण १.१ बारचं असेल तर तो दाब बाहेरच्या हवेच्या वर मोजलेला असतो. साध्या पाण्याचा हिशोब केला तर झाकण धडधाकट असताना उत्कलनबिंदू १२२ वरून ११५-११६ अंशांवर येतो. झाकणाचं रबर गेलं असेल तर थेट ८७, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो त्याच्या आसपास. सपाटीवर महिनोन्महिने न कळलेला झाकणाचा दोष खिंडीच्या दोन वळणं आधी कळतो तो असा. झाकण स्वस्त वस्तू आहे, आधी बदला.

काटा चढायला लागला तर एसी बंद, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. एक गिअर खाली टाकून ॲक्सिलरेटर कमी करा, म्हणजे पाण्याचा पंप जोरात फिरेल आणि इंजिनवर भार कमी होईल. तरी चढतोय तर थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका. दोनतीन मिनिटं हळू चालू द्या, टर्बोलाही ते हवंच असतं. कूलंट उसळून बाहेर पडत असेल तरच ताबडतोब बंद. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.

टायर: दाब थंड असताना, प्रत्येक ॲक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या आसाच्या) प्रत्यक्ष वजनाप्रमाणे भरा. समजा खाली ३० अंशांत ६५ पीएसआय भरले. वर २ अंश असतील तर थंडीमुळे सव्वासात पीएसआय उतरतात, आणि बाहेरचा दाब घटल्यामुळे गेज पावणेचार जास्त दाखवतं. निव्वळ फरक साडेतीनचा. त्यासाठी वर हवा भरत बसायची गरज नाही. उतारानंतर गरम टायरची हवा सोडणं मात्र चूकच.

गॅस: ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ होणं थांबवतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. बाटलीत ब्युटेन जास्त असेल तर पहाटे शेगडी पेटणार नाही, बाटली भरलेली असली तरी. गॅसवर चालणारा फ्रिज १५००-१७०० मीटरनंतर नखरे करतो, ज्योत विझते. वर तो विजेवर टाका, किंवा आत आधीच गारठलेलं सामान भरून दार कमी उघडा. डिझेल हीटरला उंचीची सेटिंग असेल तर ती लावा. नसेल तर कमी ऑक्सिजनमध्ये इंधन जास्त पडून आत काजळी साचते, धूर पांढरा-काळा होतो आणि एके रात्री तो पेटतच नाही. ज्योत पिवळी दिसली की कार्बन मोनॉक्साइडचा विचार करा. अलार्म बसवा, आणि शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवू नका. पेट्रोल जनरेटर दर हजार मीटरला दहाएक टक्के ताकद गमावतो. ३ किलोवॅटचा तिथे १.८ चा समजा.

डिझेल गोठण्याबद्दल: रात्री उणे तापमान असेल तर हिवाळी डिझेल खालीच भरा. न गोठण्याचं द्रावण डिझेल गढूळ व्हायच्या आधी घालायचं असतं, नंतर घालून उपयोग नाही.

एक घाणेरडी पण उपयोगी सूचना. कॅसेट टॉयलेटची (काढता येणाऱ्या टाकीच्या संडासाची) झडप वर पोचल्यावर हळू उघडा. खालच्या हवेचा दाब आत अडकलेला असतो, आणि तो वर येताना एकटा येत नाही.

माणसांचं: २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. ३००० च्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस तिथेच काढावा, हा मान्य संकेत आहे. खिंड ओलांडून त्याच दिवशी खाली झोपणार असाल तर तेच उत्तम. पण चालकाचं डोकं ठणकत असेल तर तो उतारावर बसायच्या लायकीचा नाही. दुसरा चालवणारा असेल तर त्याच्या हाती द्या. चालताना तोल जात असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर वाट न बघता खाली.

गिअरबॉक्स

मागे छोटी गाडी जोडण्याबद्दल: नको. चारही चाकांवर ओढली जाणारी गाडी जोडून मागे घेता येत नाही. तिची पुढची चाकं हवी तिकडे वळतात आणि जोडणी वाकते. म्हणजे हेअरपिनमध्ये अडकलात तर रस्त्यातच ती सोडवायची, मागे रांग लावून. शिवाय तिला स्वतंत्र ब्रेक नसेल तर तिचं सगळं वजन तुमच्याच डिस्कवर. दुसरा चालक असेल तर घाटाखाली सोडवा आणि तो तुमच्या पुढे राहू दे. पुढच्या वळणावर काय आहे हे तो फोनवर किंवा वॉकीटॉकीवर सांगेल.

निघायच्या आधी त्या रस्त्यावरचं लांबीचं बंधन बघा. उंचीच्या पाट्या सगळे बघतात, लांबीच्या कोणी नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ३६८७ मीटरच्या इंडिपेंडन्स पासवर ३५ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे. तुमची गाडी साडेपंचवीस फूट, तिथे चालेल. तिथल्याच ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टु-द-सन रोडच्या मधल्या भागात मर्यादा २१ फूट लांब आणि आरसे धरून ८ फूट रुंद. तिथे तुम्ही दोन्हीकडे बाद. आणि इटलीतल्या स्टेल्व्हिओसारख्या खिंडीत, जिथे एका बाजूलाच ४८ हेअरपिन आहेत, प्रश्न परवानगीचा कमी आणि आधी सांगितलेल्या ४.४ मीटरच्या पट्ट्याचा जास्त असतो. साध्या कारच्या नकाशावर विसंबू नका. लांबी-उंची-वजन भरता येईल असंच नेव्हिगेशन घ्या.

बऱ्याच ठिकाणी अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ देतात. पण ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने मागे घ्यावं हे शहाणपण. मागे चारपाच गाड्या जमल्या की पहिल्या मोकळ्या जागेत बाजूला व्हा. नाहीतर त्यातला एखादा नेमक्या वळणात ओव्हरटेक करतो.

डोंगरवाटा

छोटी गाडी रद्द. शेवटचा प्रश्न: मागे स्टँडवर दोन इलेक्ट्रिक सायकली आणि सामानाची पेटी, मिळून १०० किलो. स्टँड मागच्या ॲक्सलपासून २.५ मीटर मागे येतं. आणि १२० लिटर पाण्याची टाकी भरून न्यावी की रिकामी?

खिंडीपलीकडे

तरफेचा हिशोब: १०० किलो × २.५ ÷ ४.५ = सुमारे ५६ किलो. म्हणजे पुढच्या ॲक्सलवरून ५६ किलो उचलले जातात आणि मागच्यावर १५६ पडतात. पुढची चाकं हलकी झाली की ओल्या हेअरपिनमध्ये स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जायला बघते, आणि मागचे टायर त्यांच्या मर्यादेजवळ पोचतात. पुढची चाकं ड्राइव्ह असती तर चढावर ती जागच्या जागी फिरलीही असती. सायकली आत घ्या, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, जमिनीलगत, पट्ट्याने बांधून. पेटी घरी.

पाणी ३० लिटर ठेवा, बाकी उतरल्यावर भरा. ९० किलो कमी म्हणजे त्या उतारावर दीड मेगाज्यूल कमी. फार नाही, पण फुकट आहे. सांडपाण्याची टाकी मात्र पूर्ण रिकामी, ती बहुतेक गाड्यांत मागेच असते. नंतर वजनकाट्यावर आधी पुढचा ॲक्सल, मग पूर्ण गाडी, मग मागचा असं तीनदा वजन घ्या. पुढचा आणि मागचा मिळून एकूण वजनाशी जुळायला हवेत. जुळले नाहीत तर काट्याशेजारची जागा सपाट नाही, परत घ्या.

जुनाडिझेल

आणि काट्यावरून उतरल्यावर एक इन्फ्रारेड तापमापक खिशात टाका. उतारात दर सातआठ किलोमीटरला थांबून चारही डिस्क मोजा, प्रत्येकीवर त्याच जागी. एकाच ॲक्सलच्या डावी-उजवीत पन्नाससाठ अंशांचा फरक दिसला तर गरम बाजूचा कॅलिपर अडकतोय किंवा थंड बाजूचा कामच करत नाही. चारही तापल्या असतील तर अर्धा तास थांबा. हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकांना पाचरी लावा, म्हणजे तापलेले पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून बसणार नाहीत. डिस्कवर पाणी ओतायचं नाही, तडकते. निघायच्या आधी त्या पाचरी उचलून आत घ्या. विसरल्या जातात त्या तिथेच.